हॉटेलात जेवायला जाणं : चहाच्या एका कपापासून रात्रभर शिजणाऱ्या डाळीपर्यंत

  विषय कळल्यावर आयोजकांपैकी एकांनी मला हळूच विचारलं, "सर, जेवणाच्या इतिहासाला सनावळ्या असतात का?" असतात. आज त्यातल्या काही सांगणार आहे. पण सुरुवात घरातून करतो.

मागच्या डिसेंबरात आम्ही चार मित्र दिल्लीला गेलो. कुणाचं लग्न नव्हतं, परिषद नव्हती, तीर्थयात्रा तर नव्हतीच. फक्त जेवायला गेलो. चार दिवस, सहा जेवणं, त्यातली तीन मोठ्या हॉटेलांत. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जेवायला एवढ्या लांब? घरी काय उपाशी ठेवतो का आम्ही तुला?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. घरी पोटभर मिळत असताना माणूस तिकीट काढून, सूटकेस भरून, अनोळखी माणसाच्या हातचं खायला केव्हापासून जायला लागला? आणि त्यात प्रतिष्ठा कधीपासून आली? आजचं व्याख्यान म्हणजे आईला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी शब्दाकडे बघू. आपल्या मराठीत 'हॉटेल' म्हणजे राहायची जागा नाही. हॉटेल म्हणजे मिसळ, भजी, चहा. "हॉटेलात बसलो होतो" असं म्हटलं की खोली घेतली होती का, असं कुणी विचारत नाही. राहण्यासाठी आपण 'लॉज' म्हणतो. म्हणजे इंग्रजी शब्द आपण घेतला आणि त्यातला पलंग काढून टाकला, टेबल तेवढं ठेवलं. कारण आपल्याकडे परगावी गेलं की उतरायची सोय नातेवाइकांकडे, धर्मशाळेत, जातीच्या वसतिगृहात होत असे. अडचण जेवणाची होती. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या पंक्तीला बसायचं, हा प्रश्न पोटाचा नव्हता, जातीचा होता.

आता पहिली सनावळी. 1890. त्या वर्षी ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला आणि तिथे आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी तिथे आलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली, आणि पुण्यात वादळ उठलं. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. कशासाठी? तर एका कप चहासाठी. चहा चांगला होता की पांचट, हे कुणी विचारलं नाही.

त्याच 1890 साली लंडनमध्ये काय चाललं होतं? टेम्सकाठी सॅव्हॉय नावाचं हॉटेल आदल्या वर्षी सुरू झालं होतं. ते बांधणारा रिचर्ड डॉयली कार्ट हा नाटक कंपनीचा मालक. संगीत नाटकांतून मिळवलेला पैसा त्याने हॉटेलात घातला. विजेचे दिवे, लिफ्ट, गरम पाणी, सगळं होतं. 1890 मध्ये त्याने दोन माणसं आणली. व्यवस्थापक म्हणून सेझार रिट्झ, आणि स्वयंपाकघराचा प्रमुख म्हणून ऑग्युस्त एस्कॉफिए. पहिला स्वित्झर्लंडच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा दक्षिण फ्रान्समधल्या लोहाराचा.

या दोघांनी केलेल्या गोष्टी आज आपल्याला इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या कुणी तरी सुरू केल्या होत्या हेच विसरायला होतं. एस्कॉफिएने स्वयंपाकघराची फौजेसारखी रचना केली. तो स्वतः फ्रेंच सैन्यात आचारी होता. भाजणारा वेगळा, सॉस करणारा वेगळा, भाज्यांचा वेगळा, गोडाचा वेगळा. एक पदार्थ चार हातांतून तयार होऊन काही मिनिटांत बाहेर येऊ लागला. रिट्झने बाहेरची बाजू सांभाळली. दिवे असे लावले की चेहरे उजळ दिसावेत. संगीत असं ठेवलं की बोलणं ऐकू यावं. घरंदाज बायकांनी सार्वजनिक ठिकाणी बसून जेवणं तोवर तिथेही बरं मानलं जात नव्हतं. सॅव्हॉयच्या दालनात त्या उघडपणे येऊ लागल्या. म्हणजे पंक्तिभेद आपल्याकडेच होता असं समजायचं कारण नाही. तिकडे तो जातीचा नव्हता, पण बाईमाणसाचा होता, वर्गाचा होता.

पुढे 1898 मध्ये दोघांनाही सॅव्हॉय सोडावं लागलं. हिशेबातल्या गडबडीचा आरोप होता. पण त्याच वर्षी पॅरिसमध्ये रिट्झ हॉटेल उभं राहिलं, आणि रिट्झ हे आडनाव पुढे ऐटीच्या हॉटेलाचं दुसरं नाव होऊन बसलं. 1903 मध्ये एस्कॉफिएने आपला स्वयंपाकाचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. जगभरातल्या मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यांत तो पोथीसारखा वापरला गेला.

1903 हे साल लक्षात ठेवा, कारण आता आपण मुंबईत येतोय. त्याच वर्षी 16 डिसेंबरला अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडलं. जमशेटजी टाटांना काळ्याघोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला आणि त्या रागाने त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट छान आहे, पण अभ्यासकांना ती फारशी पटत नाही. रागापेक्षा मुंबईविषयीची महत्त्वाकांक्षा हे कारण जास्त सयुक्तिक दिसतं. पण वॉटसनमध्ये गोऱ्यांनाच प्रवेश होता, हे मात्र खरं. ताजचा दरवाजा हिंदी माणसाला उघडा होता, हे त्याचं मोठेपण.

आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. या इमारतीचा आराखडा सुरुवातीला ज्यांनी केला त्यांचं नाव रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. बरोबर डी. एन. मिर्झा. वैद्य काम पूर्ण होण्याआधीच वारले आणि चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते पुरं केलं. म्हणजे घुमटाखाली मराठी माणसाची रेघ आहे. पण टेबलावर काय होतं? फ्रेंच सूप, फ्रेंच नावाचे मासे, पुडिंग. मालक पारशी, आराखडा मराठी, आणि मेन्यू पॅरिसचा.

हे ताजपुरतं नव्हतं. कोलकाता, सिमला, दिल्ली, कुठेही मोठ्या हॉटेलात गेलात तरी मुख्य जेवण विलायती. देशी जेवण असलंच तर एक 'करी', तीही साहेबाला झेपेल अशी. आणि हे विलायती जेवण रांधत कोण होतं? मुंबईत तरी मोठ्या प्रमाणावर गोव्याची माणसं. धोबीतलावच्या आसपास गावागावांचे 'कूड' होते, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या राहायच्या जागा. तिथे ट्रंक ठेवायची आणि बोटीवर, क्लबात, हॉटेलात कामाला जायचं. ताजच्या स्वयंपाकघराची सूत्रं पुढे गोव्याच्याच मिगेल अर्कांजो मस्करेन्हस यांच्याकडे आली. म्हणजे आपल्या माणसांनी पाऊणशे वर्षं परक्यांचं जेवण उत्तम रांधलं, आणि स्वतःचं जेवण मात्र मोठ्या टेबलावर ठेवायच्या लायकीचं आहे असं कुणाला वाटलं नाही. आजच्या व्याख्यानाचा गाभा विचाराल तर तो इथे आहे.

आता जेवणासाठी प्रवास ही कल्पना कुठून आली ते थोडक्यात पाहू. तीही फ्रान्सचीच. 1900 साली मिशलँ या टायर बनवणाऱ्या कंपनीने मोटारवाल्यांसाठी एक लाल पुस्तिका फुकट वाटली. पंक्चर कुठे काढून मिळेल, पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे. हेतू सरळ होता. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजतील. 1926 मध्ये त्यांनी चांगल्या जेवणाच्या ठिकाणांना तारा द्यायला सुरुवात केली, 1931 मध्ये दोन आणि तीन तारे आले. आणि 1936 मध्ये त्यांचा अर्थ सांगितला. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारात फार चांगलं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करावा असं. माझ्या आईच्या प्रश्नाचं पहिलं छापील उत्तर हे. टायर विकणाऱ्याने दिलेलं!

एक घोटाळा इथेच दूर करतो. हॉटेलचे पाच तारे आणि मिशलँचे तारे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हॉटेलचे तारे खोल्या, सोयी, सेवा पाहून मिळतात. मिशलँचे तारे फक्त ताटावर मिळतात. म्हणून तर गंमत अशी की बराच काळ तीन तारे मिळवणारी उपाहारगृहं बहुधा स्वतंत्र होती, हॉटेलांतली नव्हती. हॉटेलातलं जेवण म्हणजे महाग आणि मिळमिळीत, असा समज युरोपातही होता. 1990 मध्ये मोनॅकोच्या ओतेल द पारी या हॉटेलातल्या अलँ द्युकास यांच्या उपाहारगृहाला तीन तारे मिळाले, तेव्हा तो मोठा समज मोडला.

आपल्याकडचा बदल मात्र त्याच्याही आधीचा आहे, आणि तो दिल्लीत झाला. त्याची मुळं फाळणीत आहेत. 1947 मध्ये पेशावरहून निर्वासित होऊन आलेल्या मंडळींनी दर्यागंजमध्ये 'मोती महल' सुरू केलं. कुंदनलाल गुजराल, कुंदनलाल जग्गी ही त्यातली नावं. बटर चिकन नक्की कुणाचं, यावरून त्यांच्या वारसांचं भांडण 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचलं, इतकी त्या पदार्थाची आज किंमत आहे. पण मुद्दा तंदूरचा. पंजाबात तंदूर ही मोहल्ल्याची सामायिक गोष्ट. बायका कणीक मळून आणायच्या, रोट्या लावायच्या. निर्वासितांनी त्याचा व्यवसाय केला आणि दिल्लीने त्याला डोक्यावर घेतलं.

त्यानंतर 1975 मध्ये आयटीसी कंपनी हॉटेलच्या धंद्यात उतरली, मद्रासच्या चोलापासून. मग दिल्लीत मौर्य उभं राहिलं, आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस तिथे 'बुखारा' सुरू झालं. ते काय होतं हे नीट समजून घ्या. पंचतारांकित हॉटेल, आणि आत बसायला बुटके स्टूल. भिंती दगडी. काटे-चमचे नाहीत, हाताने खा. गळ्यात बांधायला चौकड्यांचं फडकं. मेन्यू लाकडी फळीवर. स्वयंपाकघर काचेपलीकडे समोर दिसणारं. आणि ताटात काय, तर तंदूरमधलं मांस, भलीमोठी रोटी, आणि अख्ख्या उडदाची डाळ, जी टोमॅटो, लोणी, साय घालून निखाऱ्यावर रात्रभर शिजते. ज्या हॉटेलांत पाऊणशे वर्षं हाताने खाणं म्हणजे गावंढळपणा होता, तिथे आता हाताने खाण्याचे पैसे घेतले जाऊ लागले. परदेशी राष्ट्राध्यक्ष येऊन फडकं बांधून बसले. उडदाच्या डाळीला जी इज्जत मिळाली ती आधी फ्रेंच सूपला होती.

काही वर्षांनी तिथेच 'दम पुख्त' आलं. त्यामागे होते लखनौचे इम्तियाज कुरेशी. आचाऱ्यांच्या घराण्यातले. लहानपणापासून भट्टीपुढे उभे राहिलेले. मोठ्या हॉटेलात आले तेव्हा हातात हॉटेल मॅनेजमेंटची पदवी नव्हती, पण हंडीचं तोंड कणकेने बंद करून आत काय चाललंय हे ओळखणारं नाक होतं. दमच्या स्वयंपाकाबद्दल गोष्ट सांगतात ती अशी : 1784च्या सुमारास अवधमध्ये दुष्काळ पडला. नवाब आसफउद्दौलाने लोकांना काम मिळावं म्हणून बडा इमामबाडा बांधायला काढला. हजारो मजुरांसाठी मोठमोठ्या देगांत रात्रंदिवस अन्न शिजायचं, त्याचा वास नवाबाला आला, आणि दुष्काळी कामावरचं जेवण दरबारात गेलं. इमामबाड्याचा भाग इतिहासात बसतो. वासाचा भाग आपण गोष्ट म्हणूनच घ्यावा. पण मोठ्या हॉटेलने हीच गोष्ट मेन्यूत का घातली हे समजण्यासारखं आहे. देशी जेवणाला मोठ्या टेबलावर बसवायला त्याला एक वंशावळ लागत होती. एक तर सरहद्दीचा पठाण हवा, नाही तर नवाब हवा. कुरेशींना 2016 साली पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लेख लिहिले. एका आचाऱ्यावर! 1903 मध्ये हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

उत्तरेचं झालं. दक्षिणेत चेन्नईला 'दक्षिण' आलं, 1990 मध्ये बंगळुरूला ताजच्या हॉटेलात 'करावली' आलं. करावळी म्हणजे किनारा. गोवा, मंगळूर, कोडगू, केरळ इथल्या घरांतले पदार्थ. इथे नवाब नव्हता. इथे वंशावळ घरच्या बायकांची होती. शेफ घरोघर गेले, चुलीपाशी बसले, वाटण कसं करतात ते पाहिलं. ताजमधल्या कमेलिया पंजाबी यांचा या सगळ्या विचारात मोठा वाटा. करावलीतले श्रीराम आयलूर पुढे लंडनला ताजच्याच 'क्विलॉन'मध्ये गेले, आणि 2008 मध्ये तिथे मिशलँचा तारा आला. मोइलीचं वाटण आणि मेणबत्तीचं टेबल, हे दोन्ही एकत्र नांदू शकतं हे सिद्ध झालं.

आता तुमच्या मनातला प्रश्न मी ओळखतो. आपलं काय? मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात 'कोकण कॅफे' आहे, तिथे किनाऱ्याचा भाग म्हणून मालवणी जेवण आहे. पण नवाबी जेवणाला जशी गादी मिळाली तशी मराठी जेवणाला मोठ्या हॉटेलात मिळाली नाही. राजघराणी आपल्याकडेही होती, कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर. पदार्थ लिहून ठेवणारेही होते. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' 1910चं, त्यात हजार पाकक्रिया. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970ची, ती तर तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हळदीचे डाग पडलेली असेल.

मला वाटतं, कारण आपल्या बाहेरच्या जेवणाच्या इतिहासात आहे. आपलं बाहेरचं जेवण म्हणजे खानावळ. गिरणगावात एकट्याने राहणारे हजारो गडी, आणि त्यांना महिन्याच्या बोलीवर डबा घालणाऱ्या, खोलीत पंगत बसवणाऱ्या बाया. बोली पोटभरीची आणि परवडण्याची. 1975 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी चोला हॉटेल उघडलं त्याच वर्षी, प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराच्या कचाट्यातून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकाच वर्षातल्या या दोन घटना मी वर्गात नेहमी शेजारी शेजारी फळ्यावर लिहितो. एकीकडे देशी जेवण महाग होण्याची सुरुवात, दुसरीकडे ते स्वस्तात रांधणाऱ्या बाईला माणूस म्हणून, कर्जदार म्हणून पत मिळण्याची सुरुवात. कुठली घटना मोठी ते तुम्ही ठरवा. पण मराठी जेवणाचं नाव मोठ्या हॉटेलात नाही म्हणून हळहळताना दुसरी ओळ पुसू नका.

आणि कोल्हापूरचा गंगाराम कांबळे तर मुळीच विसरू नका. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेला हा माणूस. शाहू महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल काढून दिलं. गावातलं कुणी तिथे फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह जाऊन तिथला चहा घेऊ लागले, बरोबरच्यांना पाजू लागले. माझ्या मते महाराष्ट्रातलं खास प्रवास करून जावं असं पहिलं हॉटेल ते. पुण्यात एका कपाने माणसं वाळीत पडली, कोल्हापुरात एका कपाने माणूस आत घेतला गेला.

आता दिल्लीकडे परत येतो आणि संपवतो. आमच्या तीन हॉटेलांपैकी एकात, नाव सांगत नाही, तुम्ही आग्रह करू नका, जेवण फार सुंदर झालं. डाळ अशी की बोलणं थांबलं. आमच्यातल्या एकाने वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "ही कोण शिजवतं? भेटता येईल का?" तो गोंधळला, पण आत गेला. थोड्या वेळाने पन्नाशीचे एक गृहस्थ बाहेर आले. गढवालचे. म्हणाले, "मैं रात वाला हूँ." म्हणजे रात्री डाळीपाशी ते असतात. निखारे पाहायचे, तळाला लागू द्यायचं नाही, पहाटेपर्यंत. किती वर्षं? एकोणीस. मी विचारलं, या दालनात बसून कधी जेवलात का? ते हसले. म्हणाले, "बाहेर असं उभं राहायची वेळसुद्धा आजच आली." आम्ही उठून उभे राहिलो, नमस्कार केला. त्यापलीकडे काय करणार? बिलाकडे पाहिलं तेव्हा डाळीची किंमत जास्त वाटली नाही, पण त्यातलं त्यांच्याकडे किती जातं हा विचार रात्री झोपेपर्यंत सुटला नाही.

2008च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा ताजच्या स्वयंपाकघरातली माणसं पाहुण्यांना बाहेर काढता काढता मारली गेली. मागच्या दाराची वाट त्यांना ठाऊक होती, ती धरून ते आधी निघून जाऊ शकले असते. आपण ज्या दाराकडे पाठ करून बसतो, त्या दारापलीकडे ही माणसं असतात.

म्हणून खाण्यासाठी प्रवास जरूर करा. परवडेल तेव्हा मोठ्या हॉटेलातही जा, त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. कमी जेवणं ठेवा, भूक ठेवून जा, आणि दुपारी जा, बऱ्याच ठिकाणी तेव्हा गर्दी कमी असते आणि माणसं बोलतात. पण टेबलावर बसलात की तीन गोष्टी विचारा. हा पदार्थ मुळात कुणाच्या घरचा? तो इथपर्यंत आला कसा? आणि आज तो कुणी रांधला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मेन्यूत सापडतील, कधी खरी, कधी सजवलेली. तिसऱ्याचं मेन्यूत सापडणार नाही. त्यासाठी वाढणाऱ्या मुलाला थांबवावं लागेल.

आईला मी परत आल्यावर त्या रातवाल्या गृहस्थांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना जेवलात का विचारलंस का?" नव्हतं विचारलं. बघा, एवढा इतिहास शिकवतो, आणि साधा प्रश्न राहून गेला.